चाकणला 'क्वालिटी ट्रेनी'ची मुलाखत (डिप्लोमा मेकॅनिकल): टेक्निकलला नक्की काय बघतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, ७१ टक्के, गेल्या वर्षी पास झालोय. गाव सांगली जिल्ह्यात. पुढच्या गुरुवारी सकाळी ९:३० ला चाकण एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटी ट्रेनीसाठी बोलावलंय. त्यांच्या साइटवरून एवढंच कळलं की सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) शाफ्ट आणि हाउसिंग बनवून टू-व्हीलर कंपन्यांना पुरवतात. मेलमध्ये 'टेक्निकल राउंड, मग एचआर राउंड, ओरिजिनल कागदपत्रं आणावीत' एवढंच लिहिलंय.

शंका अशा:
१) टेक्निकलला थिअरी किती आणि प्रॅक्टिकल किती? मेट्रॉलॉजीचं (मोजमापशास्त्राचं) पुस्तक पूर्ण वाचायला घेतलंय, पण चार दिवसांत होईल असं वाटत नाही.
२) पास झाल्यावरचं वर्ष मोकळं दिसतंय. खरं तर आठ महिने कुपवाडला एका लेथच्या वर्कशॉपमध्ये जात होतो, पण लेटर नाही, पगारही हातातच मिळायचा. सांगायचं की नाही?
३) इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळतो.
४) 'एक्स्पेक्टेड सॅलरी' विचारली तर काय आकडा सांगायचा?
५) सकाळी साडेनऊला चाकणला पोहोचायचं कसं?

---

गेजरूम

पुस्तक मिटून ठेव आणि कुठून तरी दोन दिवसांसाठी एक व्हर्नियर आणि ०-२५ चा मायक्रोमीटर मागून आण. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये मिळेल. ट्रेनीच्या मुलाखतीत टेबलावर ही दोन इन्स्ट्रुमेंट्स आणि एखादा टर्न केलेला जॉब ठेवून 'मोज' म्हणायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. इथे गळणारी मुलं रीडिंगला चुकत नाहीत, त्याच्या आधीच चुकतात. समोरचा माणूस तुझे हात बघत असतो.

क्रम अंगवळणी पाड. जॉब पुसायचा, कडेला बर (कापताना उरलेली धातूची धारदार कड) दिसतोय का पाहायचं. व्हर्नियरचे जबडे पुसून बंद करायचे आणि उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला तर जबडे झिजलेत, तसं बोलून दाखवायचं. मग झीरो एरर, म्हणजे जबडे बंद असताना शून्याऐवजी काय दिसतं ते. मग कॅलिब्रेशनचं स्टिकर: तारीख उलटून गेली असेल तर 'सर, याची ड्यू डेट गेलीय' हे एक वाक्य दहा व्याख्यांपेक्षा भारी पडतं. मग मोजायचं, आणि गोल जॉब असेल तर ९० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा. ओव्हॅलिटी (गोल जॉब किंचित लांबट असणं) एका रीडिंगमध्ये कळत नाही.

रीडिंग सांगताना नुसता आकडा नको, एकक सांग. आणि लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) पाठ करून '०.०२' म्हणू नकोस, तो कसा आला ते माहीत असू दे. मेन स्केलचे ४९ मिमी व्हर्नियरवर ५० भागांत विभागलेत, म्हणजे एक भाग ०.९८ मिमी, फरक ०.०२. मेन स्केल २४ आणि १७वी रेघ जुळली तर २४ + ०.३४ = २४.३४ मिमी. झीरो एरर +०.०४ असेल तर ती वजा, म्हणजे २४.३०. जबडे बंद असताना व्हर्नियरचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या डावीकडे गेलं आणि ४७वी रेघ जुळली, तर एरर ५० वजा ४७ म्हणजे ३ भागांची, उणे ०.०६; मग रीडिंगमध्ये ०.०६ मिळवायचे. हे उणे प्रकरण पुष्कळांना कधी करूनच बघितलेलं नसतं.

मायक्रोमीटरला पिच (एका फेऱ्यातली सरक) ०.५ मिमी आणि थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) ५० भाग, म्हणून लीस्ट काउंट ०.०१. ठरलेली चूक एकच: अर्ध्या मिमीची रेघ न दिसणं. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) १२ नंतरची खालची रेघ उघडी पडली असेल आणि थिंबल २३ वर असेल, तर रीडिंग १२.७३, आणि घाईत मुलगा १२.२३ सांगतो. मायक्रोमीटर नेहमी रॅचेटने (टोकाच्या छोट्या फिरकीने) आवळायचा, दोन-तीन वेळा टकटक होईपर्यंत. थिंबल धरून पिळलास की समजून जा, त्या राउंडचा निकाल लागला.

त्यानंतरचा लाडका प्रश्न: 'शाफ्ट २० ± ०.०१ आहे, कशाने मोजशील?' व्हर्नियर म्हणालास तर संपलं. एकूण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०२, आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंटच ०.०२. इन्स्ट्रुमेंट टॉलरन्सच्या साधारण एक दशांशाइतकं बारीक मोजणारं हवं, हा ठोकताळा. ०.०१ चा मायक्रोमीटरसुद्धा इथे अपुरा, ०.००१ चा मायक्रोमीटर किंवा स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर) सेट केलेला कम्पॅरेटर (त्या मापापासूनचा फरक दाखवणारं इन्स्ट्रुमेंट). बोअर (आतलं गोल भोक) असेल तर बोअर डायल गेज किंवा एअर गेज. आतला थ्रेड असेल तर थ्रेड प्लग गेज.

बोअर डायल टेबलावर असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेव. गेज बोअरमध्ये पुढे-मागे झुलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो ते रीडिंग घ्यायचं. आणि दिशा: नेहमीच्या बोअर डायलमध्ये बोअर लहान असला की प्लंजर जास्त दाबला जातो, काटा शून्याच्या पुढे घड्याळाच्या दिशेने जातो. म्हणजे काटा 'पुढे' गेला की बोअर 'कमी' भरला. साध्या डायलची सवय असलेला इथे हमखास उलटं सांगतो.

गो आणि नो-गोवरही घोळ होतो. २५ एच७ (भोकाच्या टॉलरन्सचा ठरलेला वर्ग) बोअर म्हणजे २५.००० ते २५.०२१. प्लग गेजची गो बाजू २५.००० ची, ती जायला हवी, नो-गो २५.०२१ ची, ती जायला नको. शाफ्टच्या स्नॅप गेजला हेच उलट: गो बाजू मोठ्या मापाची. त्यात बसणारा शाफ्ट २५ जी६ (शाफ्टचा तसाच वर्ग) असेल तर माप २४.९८० ते २४.९९३. दोन्ही जोडलीस तर कमीत कमी क्लिअरन्स (मधली मोकळी फट) ०.००७, जास्तीत जास्त ०.०४१. हे उदाहरण कागदावर दोनदा स्वतः काढ. पेन आणि कागद पुढे सरकवून हेच काढायला लावतात.

आता थिअरी. सात क्यूसी टूल्स, फाइव्ह एस, फोर एम, फाइव्ह व्हाय, एट डी: नावं सगळेच पाठ करून येतात, त्यामुळे नावांना किंमत उरलेली नाही. एकच टूल घे आणि ते आकड्यांसह सांगता येईल असं तयार कर. मी म्हणेन सीपी आणि सीपीके घे: सीपी म्हणजे एकूण टॉलरन्स भागिले सहा सिग्मा, सीपीके म्हणजे सरासरीपासून जवळच्या मर्यादेचं अंतर भागिले तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं किती विखुरलीत ते). स्पेसिफिकेशन २५.०० ± ०.०५, सिग्मा ०.०१, सरासरी २५.०२. सीपी = ०.१० भागिले ०.०६ = १.६७. सीपीके = (२५.०५ − २५.०२) भागिले ०.०३ = १.०. याचा अर्थ सांगता आला पाहिजे: मशीनमध्ये दम आहे, फक्त सेटिंग एका बाजूला सरकलंय; ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) देऊन सरासरी मध्यावर आणली की सीपीकेही १.६७ च्या आसपास जाईल. सीपीच कमी असता तर ऑफसेटने काही झालं नसतं, मग क्लॅम्पिंग, बेअरिंग, फिक्स्चर बघायला लागलं असतं. ऑटोमोबाइलमध्ये सीपीके साधारण १.३३ च्या वर मागतात, महत्त्वाच्या मापांना १.६७. एवढं नीट सांगितलंस तर बाकीच्या टूल्सबद्दल फारसं कोणी छेडत नाही.

जोडीला हे एकेका ओळीत माहीत असू दे: आयएटीएफ १६९४९:२०१६ (ऑटोमोबाइलचं क्वालिटी स्टँडर्ड) हे आयएसओ ९००१:२०१५ च्या वर उभं आहे. पीपीएपीमध्ये (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची पद्धत) १८ घटक आणि ५ लेव्हल, वेगळं काही सांगितलं नसेल तर लेव्हल ३. गेज आर अँड आर (मोजण्याच्या पद्धतीतलीच चूक किती ते) १० टक्क्यांच्या आत चांगलं, ३० च्या वर चालत नाही. एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास) आरपीएन (धोक्याचा गुणांक) अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण २०१९ च्या नव्या हँडबुकात त्याच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी आली.

---

टूलहोल्डर

गेजरूमच्या उत्तरात एक भर घालतो, ड्रॉइंगची. ड्रॉइंग हातात दिलं की मुलं थेट मापांवर उडी मारतात. आधी उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाच: पार्टचं नाव, रिव्हिजन नंबर, मटेरियल, प्रोजेक्शनचं चिन्ह, जनरल टॉलरन्स. 'रिव्हिजन कोणतं आहे ते आधी बघतो' असं म्हणणारा ट्रेनी लगेच नजरेत भरतो, कारण जुन्या रिव्हिजनवर तपासून पाठवलेला माल परत येणं हे क्वालिटीचं रोजचं दुखणं.

प्रोजेक्शन: कॉलेजमध्ये फर्स्ट अँगल शिकवतात, परदेशी कस्टमरचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असू शकतं. चिन्हात छाटलेला शंकू आणि दोन वर्तुळं असतात. शंकूचं निमुळतं टोक वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल, रुंद बाजू वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट. हे चुकलं की भोक उजव्या बाजूचं डाव्या बाजूला दिसतं.

ज्या मापाला टॉलरन्स दिलेला नाही त्याला काय, हा प्रश्न येतोच. 'आयएसओ २७६८-एम' लिहिलं असेल तर ६ च्या पुढे ३० पर्यंत ± ०.२, ३० च्या पुढे १२० पर्यंत ± ०.३. म्हणजे उघड्या ४० ला ± ०.३. 'ज्याला टॉलरन्स नाही ते महत्त्वाचं नाही' हे उत्तर देऊ नका.

जिओमेट्रिक टॉलरन्सची (आकार आणि स्थितीत चालणाऱ्या फरकाची) सगळी चिन्हं पाठ करण्यापेक्षा कशाला डेटम (मोजताना धरायचा आधार) लागतो ते समजून घ्या. फ्लॅटनेस, स्ट्रेटनेस, राउंडनेस, सिलिंड्रिसिटी यांना डेटम लागत नाही. पॅरलल, काटकोन, रनआउट यांना लागतो. शाफ्टवाली कंपनी आहे, तेव्हा रनआउट विचारणारच: व्ही-ब्लॉकवर किंवा दोन सेंटरमध्ये शाफ्ट धरून, डायल लावून, पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि काट्याची एकूण हालचाल वाचायची. अधिक-उणे करून निम्मा आकडा सांगू नका.

आणि मशीनची थोडी समज दाखवा, क्वालिटीवाल्याला ती नसते अशी प्रॉडक्शनची कायमची तक्रार असते. टूल झिजत गेलं की शाफ्टचा ओडी (बाहेरचा व्यास) हळूहळू वाढतो आणि बोअरिंगमध्ये आयडी (आतला व्यास) हळूहळू कमी होतो. तासातासाची रीडिंग एकाच दिशेने सरकताना दिसली तर माप अजून टॉलरन्सच्या आत असलं तरी बोलायचं. सीएनसी लेथवर डायमीटर प्रोग्रॅमिंग असेल आणि ओडी ०.०४ जास्त आला, तर एक्सचा ऑफसेट उणे ०.०४. उणे ०.०२ नाही.

---

गेजरूम

बरोबर. आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो, जो जवळजवळ ठरलेलाच असतो: 'तासाला पाच पीस तपासतोस, चौथा आऊट (टॉलरन्सबाहेर) आला. काय करशील?'

'रिजेक्ट करेन' हे अर्धं उत्तर झालं. पूर्ण असं: तोच पीस पुसून, इन्स्ट्रुमेंटचं शून्य पाहून पुन्हा मोजेन. पुन्हा आऊट आला तर मशीन थांबवायला सांगेन. शेवटची ओके तपासणी ज्या वेळची आहे तिथपासून आत्तापर्यंतचा सगळा माल वेगळा काढून होल्डचा टॅग लावेन. सुपरवायझर आणि क्वालिटी इंजिनिअरला कळवेन. वेगळा काढलेला माल शंभर टक्के तपासायचा. सेटिंग दुरुस्त झाल्यावर पहिला पीस पुन्हा ॲप्रूव्ह होईपर्यंत मशीन सुरू नाही. आणि हे सगळं रिपोर्टमध्ये खऱ्या आकड्यानिशी. 'शेवटच्या ओकेपासून' हे शब्द ऐकायला ते थांबलेले असतात, कारण एकट्या आऊट पीसमागे त्याचे भाऊबंद बिनमध्ये आधीच जाऊन बसलेले असतात.

मग थोडं दाबून बघतात: 'सुपरवायझर म्हणाला, ०.०१ नेच जास्त आहे, गाडी उभी आहे, सोड. सोडशील?' इथे हुतात्मा व्हायचं नाही आणि लोटांगणही घालायचं नाही. 'सोडायचा अधिकार माझ्याकडे नाही सर. माल होल्डवर ठेवून इंजिनिअरला लगेच बोलावेन. डिव्हिएशन (असा माल चालवून घ्यायची परवानगी) द्यायचं की नाही ते ठरलेल्या माणसाने आणि गरज पडली तर कस्टमरने ठरवावं.' एवढं पुरे. शाफ्ट ओव्हरसाइज असेल तर 'रिवर्क होऊ शकेल' हेही जोड. अंडरसाइज शाफ्टला आणि ओव्हरसाइज बोअरला सहसा इलाज नाही, तो स्क्रॅप.

एक खोडकर प्रश्नही येतो: मशीनमधून गरम निघालेला जॉब लगेच मोजला तर? मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. १०० मिमीचा स्टीलचा जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे ०.०२३ मिमी मोठा दिसतो. म्हणजे गरम असताना ओके दिसलेला शाफ्ट गार झाल्यावर अंडरसाइज.

---

एचआरच्या खुर्चीतून

टेक्निकल झालं, आता उरलेलं.

मोकळं वर्ष: वर्कशॉपचं काम जरूर सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त त्याला 'एक्सपीरियन्स' म्हणून रिझ्युमेत कंपनीच्या नावासकट मिरवू नका आणि कुणाकडून खोटं लेटर तर अजिबात आणू नका. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर), बँकेतला पगार, दोन फोन, एवढ्यात खरं-खोटं बाहेर येतं, आणि ते रुजू झाल्यावर आलं तर नोकरी जाते. रिझ्युमेत एक ओळ लिहा: 'आठ महिने लेथ वर्कशॉपमध्ये काम (अनौपचारिक, लेटर नाही)'. आणि पुढे काय केलं ते: कोणते जॉब, कोणतं मटेरियल, किती मापात, कशाने मोजले. टेक्निकलचा माणूस लगेच त्यावरच प्रश्न विचारेल आणि तुम्ही तुमच्या मैदानावर खेळाल. राहिलेले चार महिने? 'नोकरी शोधत होतो' हे उत्तर सरळ आहे, ते पुरतं.

इंग्रजी: ओळख इंग्रजीत करून द्या, कारण तेवढी तयारी होऊ शकते. पुढे अडलं तर 'सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?' असं विचारा. शॉप फ्लोअरवर दिवसभर मराठी-हिंदीच चालते. मात्र रिपोर्ट आणि मेल इंग्रजीत असतात, म्हणून काही ठिकाणी चार ओळी लिहायला देतात. 'शाफ्टच्या ओडीला ०.०३ ओव्हरसाइज आढळलं, ४० पीस होल्डवर ठेवले, टूल बदललं' एवढा मजकूर साध्या इंग्रजीत, भूतकाळात लिहायचा सराव करा.

पगार: ट्रेनीचा आकडा बहुतेक ठरलेला असतो, तुमची मागणी त्यात फार फरक पाडत नाही. म्हणून 'कंपनीचं या पदाचं जे स्ट्रक्चर असेल ते चालेल' म्हणून पुढे तीन गोष्टी विचारा. रोल कोणाचा: कंपनीचा, कंत्राटदाराचा की अप्रेंटिस? ट्रेनिंग किती महिन्यांचं आणि त्यानंतर काय? हातात किती येतात? अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलाला स्टायपेंड असतो, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) नसतं. आधी विचारून घ्या, नाहीतर पहिल्या महिन्यात डोक्याला हात लावायची वेळ येते.

सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक एका नमुन्यावर बघा. ग्रॉस १९,०००, त्यातला बेसिक आणि डीए मिळून १२,५००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,५००. ग्रॉस २१,००० च्या आत असल्यामुळे ईएसआय ०.७५ टक्के, १४३. प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १७,१५७, आणि कॅन्टीन-बसचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. तिकडे कंपनीचा पीएफ १,५०० आणि ईएसआय ३.२५ टक्के, ६१८, सीटीसीत धरले तर महिन्याचे २१,११८, वर्षाचे अडीच लाखांच्या वर. त्यावर बोनस, ग्रॅच्युइटी दाखवली की आकडा आणखी फुगतो. 'अडीच लाखांचं पॅकेज' ऐकून भागिले बारा करू नका.

कागदपत्रं: दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिप्लोमाच्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, डिप्लोमा सर्टिफिकेट, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार, पॅन, चार फोटो. ओरिजिनल एका फोल्डरमध्ये वर्षाच्या क्रमाने, झेरॉक्सचे दोन संच वेगळे. ओरिजिनल दाखवायची, ठेवून यायची नाहीत. 'जमा करा' म्हणाले तर झेरॉक्सवर सही करून द्या. बाँड असेल तर तिथल्या तिथे सही नको, घरी नेऊन वाचतो म्हणा. आणि मुलाखतीसाठी कुणी पाचशे-हजार मागितले, कन्सल्टन्सीने असो वा गेटवरच्या ओळखीच्या माणसाने, तर सरळ परत फिरा.

---

भोसरीकर

पोहोचण्याचं मी सांगतो, कारण इथे चांगली तयारी झालेली मुलं अडकतात. सांगलीहून रात्रीची गाडी पकडून थेट मुलाखतीला जाऊ नका. एसटी पहाटे स्वारगेटला सोडते, अंघोळ-कपड्यांचे हाल होतात आणि त्यापुढे चाकणचा रस्ता आहेच. आदल्या संध्याकाळी येऊन भोसरी, मोशी किंवा चाकणमध्येच नातेवाइकाकडे, मित्राच्या रूमवर मुक्काम करा.

तसं जमलंच नाही तर: स्वारगेटहून मेट्रो सकाळी ६ पासून असते, ती पिंपरी-चिंचवडच्या दिशेने धरून भोसरी (नाशिक फाटा) स्टेशनला उतरा, तिथून नाशिक रस्त्याने चाकणकडे जाणारी पीएमपीएमएल (शहर बस) किंवा एसटी. नकाशा पहाटे जो वेळ दाखवतो त्यावर जाऊ नका. सकाळच्या शिफ्टच्या बस आणि कंटेनर एकत्र आले की तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकात गाडी नुसती उभी राहते.

'चाकण एमआयडीसी' हा पत्ताच नाही. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, वराळे एकमेकांपासून बरीच लांब आहेत. फेज, प्लॉट नंबर आणि जवळची खूण मेल करून विचारून घ्या आणि चौकातून पुढे रिक्षा धरायची तयारी ठेवा. गेटवर ९ ला पोहोचा. नोंद, पास, बॅग तपासणी यात वीस मिनिटं जातात. मेलची प्रिंट आणि आधार वरच्या खिशात ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, तो आत असताना काढायचा नाही.

बूट बंदच हवेत, सॅंडल-फ्लोटर्स नकोत. प्लांट राउंडला नेलं तर पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचं, आणि बिनमधला जॉब विचारल्याशिवाय उचलायचा नाही. लाल बिनमधला (रिजेक्ट माल) तर नाहीच.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर उद्या आणतोय. ओळखीचा मसुदा लिहिलाय, तो इंग्रजीत करणार आहे. आधी मराठीत बघा:

'माझं नाव अमुक. मी सांगली जिल्ह्यातल्या अमुक गावचा. माझ्या घरी आई, वडील, आजी आणि एक बहीण आहे. वडील शेती करतात. मला दहावीला ८२ टक्के, बारावीला ६४ आणि डिप्लोमाला ७१ टक्के आहेत. माझे छंद क्रिकेट खेळणे आणि गाणी ऐकणे. माझी बलस्थानं मेहनत, प्रामाणिकपणा आणि टीमवर्क. माझा दोष म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे. तुमच्यासारख्या नामांकित कंपनीत काम करून मला कंपनीला आणि स्वतःला मोठं करायचं आहे.'

आणखी एक, वर्कशॉपमध्ये व्हर्नियरने आतलं माप घ्यायचो तेव्हा बोअर नेहमी थोडा कमी दिसायचा. असं का व्हायचं?

---

एचआरच्या खुर्चीतून

हा मसुदा सकाळपासून सहा जणांनी म्हणून दाखवलेला असेल. घरची माणसं, छंद, दहावी-बारावीचे टक्के रिझ्युमेत आहेत, काढा. 'परफेक्शनिस्ट' ऐकून पॅनेल एकमेकांकडे बघतं, तेही काढा. उरलेल्या जागेत काम भरा, मिनिटभरात संपेल असं:

'मी अमुक, सांगली जिल्ह्यातून. गेल्या वर्षी मेकॅनिकल डिप्लोमा ७१ टक्क्यांनी पूर्ण केला. त्यानंतर आठ महिने कुपवाडला एका लेथ वर्कशॉपमध्ये होतो. तिथे अमुक जॉब टर्न करायला आणि व्हर्नियर-मायक्रोमीटरने तपासायला शिकलो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अमुक होता, त्यात माझ्याकडे अमुक भाग होता. तुमच्याकडे शाफ्ट आणि हाउसिंग बनतात असं वाचलं. मला मोजण्याच्या कामात रस आहे, म्हणून क्वालिटीसाठी अर्ज केला. तिन्ही शिफ्टला आणि चाकणला राहायला तयार आहे.'

'अमुक'च्या जागी खरंच केलेलं लिहा, कारण पुढचा प्रश्न त्या शब्दांवरच येतो. शेवटचं वाक्य विसरू नका. बाहेरगावचा मुलगा टिकेल का, ही त्यांच्या मनातली खरी शंका असते. दोष विचारलाच तर कामाशी संबंधित खरा सांगा: 'इंग्रजीत रिपोर्ट लिहायला वेळ लागतो, रोज चार ओळी लिहून सराव करतोय.'

---

गेजरूम

बोअर कमी दिसायची दोन कारणं. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट कड असते, त्यामुळे लहान बोअरमध्ये ते व्यासाच्या टोकांना टेकत नाहीत, जरा आतच टेकतात. दुसरं, जबडा मध्यावर न येता एका बाजूला राहिला की तुम्ही व्यासाऐवजी जीवा मोजता. म्हणून बोअरमध्ये व्हर्नियर किंचित हलवून सर्वांत मोठं रीडिंग घ्यायचं. बोअरच्या लांबीच्या दिशेने मात्र जबडे तिरके झाले तर रीडिंग उलट वाढतं, तेव्हा ते सरळ ठेवायचे.

मुलाखतीत व्हर्नियरने बोअर मोजायला सांगितला तर मोजून दाखव आणि वर सांग: 'टॉलरन्स बारीक असेल तर मी यावर ओके देणार नाही, बोअर डायल मागेन.'

---

कृष्णाकाठ

लिहून घेतलं. जबडे हलवायचं कोणी सांगितलंच नव्हतं. मोशीला आतेभाऊ आहे, बुधवारी दुपारच्या गाडीने निघतो. प्लॉट नंबरसाठी आत्ताच मेल टाकलाय.